झाड धरणारा

आमच्या गल्लीतल्या एका मुलीला बघायला इंदूरहून मंडळी आली होती. पोहे-जिलबी झाली, पत्रिका झाली, मुलाच्या पगाराची आडून आडून चौकशी झाली. शेजारी या नात्याने बसलेल्या बापूकाकांनी तोवर तोंड उघडलं नव्हतं. मंडळी चपला शोधायला लागली तेव्हा त्यांनी मुलाला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "झाड धरतोस का?"

मुलगा बँकेत होता. त्याला वाटलं, वृक्षारोपणाची काही योजना असेल. "गेल्या पावसाळ्यात दोन लावली," तो म्हणाला.

काका काही बोलले नाहीत. खिशातून वही काढली आणि तिच्यात एक गोल काढला.

हा गोल म्हणजे शून्य नव्हे. तो काय आहे हे कळायला मला दीड वर्ष लागलं, आणि मी तर त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो.

नानाखेडा म्हणजे उज्जैनचं इंदूरकडे केलेलं तोंड. बसस्टँड, स्टेडियम, मॉल आणि मधल्या फटींत मावतील तेवढी मॅरिज गार्डनं. काकांनी प्लॉट घेतला तेव्हा इथे रात्री कोल्हे ओरडायचे म्हणे. आता बँडवाले ओरडतात. २०२२ च्या ऑक्टोबरात महाकाल मंदिराचं 'महाकाल लोक' सुरू झालं तेव्हापासून इंदूर रस्त्याला रात्र अशी उरलीच नाही, आणि २०२८ चा सिंहस्थ जवळ येतोय म्हणून जिकडे तिकडे खोदून ठेवलेलं. काकांचं घराणं शिंद्यांबरोबर माळव्यात उतरलेलं. १८१० मध्ये दौलतराव शिंदे राजधानी इथून ग्वाल्हेरला घेऊन गेले तेव्हा आपल्या पूर्वजांचं सामान बांधून व्हायचं होतं म्हणून ते मागे राहिले, असं काका अभिमानाने सांगतात. "अजून बांधून झालेलं नाही," असं काकू त्याला जोडतात.

चौतीस वर्षं काकांनी सिंचन खात्यात कालव्याचं पाणी मोजलं. या चौतीस वर्षांत आणि त्याआधीच्या आयुष्यात त्यांनी कुत्र्याला हात लावलेला नव्हता. काकूंचं सोवळं कडक. दारात कुत्रं बसलं तरी उंबरा पुसायच्या. कालभैरवाला गेलं की तिथल्या कुत्र्यांना बिस्किटाचा पुडा टाकायचा, एवढाच काय तो संबंध, आणि तोही देवाचं वाहन म्हणून. मग थोरल्या मुलाने दोघांना सहा महिन्यांसाठी अमेरिकेत नेलं, आणि परत आले ते एक काकू आणि एक श्वानतज्ज्ञ.

मुलगा अलाबामात, हंट्सव्हिलला. आपले बरेच लोक तिथे आहेत, कारण रॉकेटं बनवणारं गाव. काका गेले ऑक्टोबरात. मुलगा-सून दिवसभर कामावर, काकू टीव्हीपुढे, आणि काका कुंपणाशी. कुंपणापलीकडे एक म्हातारा, निवृत्त वेल्डर, आणि त्याचे तीन लांब कानांचे कुत्रे. दोघांना एकमेकांचं इंग्रजी कळत नव्हतं. "त्यामुळे गैरसमज झालेच नाहीत," असं काका म्हणतात. एका संध्याकाळी त्या म्हाताऱ्याने खूण केली, काका सुनेचं जाकीट आणि मुलाचे गमबूट चढवून त्याच्या ट्रकमध्ये बसले आणि पहाटे तीन वाजता चिखलाने माखून परत आले. काकूंनी दार उघडलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी आज गाणं ऐकलं."

ही रॅकूनची शिकार. रॅकून म्हणजे डोळ्यांवर चोरासारखी काळी पट्टी, शेपटीला कडी आणि हाताची बोटं अशी की कचऱ्याच्या डब्याची कडी सहज उघडावी. तो रात्री निघतो, ओढ्याकाठी खेकडे-बेडूक हुडकतो आणि कुत्रा मागे लागला की झाडावर चढतो. इथे इतर शिकारी कुत्र्यांचं काम संपतं आणि रॅकूनच्या कुत्र्याचं सुरू होतं. त्याने झाडाखाली उभं राहायचं, पुढचे पाय खोडावर टेकायचे आणि मालक येईपर्यंत ओरडत राहायचं. मालक अर्धा कोस मागे, काट्यात अडकलेला. यायला वीस मिनिटं लागोत की दोन तास, कुत्र्याने जागा सोडायची नाही. इंग्रजीत यासाठी 'झाड' या नामाचंच क्रियापद केलंय. काकांनी त्याचं मराठी केलं: झाड धरणे.

तिथे याच्या रीतसर स्पर्धा होतात. त्यात बंदूक नसते, जनावर मारत नाहीत, नुसतं शोधायचं आणि सोडून द्यायचं. हे कळल्यावर काकांच्या ब्राह्मण जिवाला जो दिलासा मिळाला, तो त्यांच्या मते सगळ्या शाकाहाराला पुरून उरणारा आहे. चार कुत्रे अंधारात सोडतात. वाट सापडली की कुत्रा पहिला आवाज देतो. सगळ्यात आधी देईल त्याला १००. झाड आधी धरेल त्याला १२५. मग पंच टॉर्च घेऊन झाडाखाली जातात. वर रॅकून दिसला तर गुण अधिक. झाड उघडंबोडकं आणि वर कोणी नाही, तर तेवढेच गुण उणे, कारण कुत्रा खोटं बोलला. पण झाडाला ढोली असेल, पाला दाट असेल, आत कोणी आहे की नाही सांगता येत नसेल, तर त्या गुणांभोवती गोल. अधिकही नाही, उणेही नाही.

"गोल!" काका सांगताना बोट हवेत फिरवतात. "चौतीस वर्षं नोकरी केली रे, पण शासनाला हे सुचलं नाही. आमच्याकडे फाइलीला मंजूर किंवा नामंजूर. गोल असता तर अर्धं खातं सुखाने मेलं असतं."

त्यातला सगळ्यात नाजूक भाग असा की अंधारात कुत्रे दिसत नाहीत. कोण ओरडलं हे मालकाने नुसत्या आवाजावरून सांगायचं असतं, आणि आपला समजून दुसऱ्याचा आवाज पुकारला तर फटका आपल्याला. काका या जागी हटकून थांबतात. लांब, ओढलेला, डोंगरावर आदळून परत येणारा आवाज म्हणजे माग काढतानाचा. त्यांच्या भाषेत विलंबित. झाड सापडलं की जातिवंत कुत्रा आवाज बदलतो: तुटक, भराभर, एका मिनिटात मोजता येणार नाहीत इतके. म्हणजे द्रुत. "तो म्हातारा ट्रकला टेकून डोळे मिटून बसायचा. आमच्याकडे देवासला लोक कुमार गंधर्वांपुढे बसायचे ना, तसा. अन् मध्येच बोट वर करायचा. म्हणजे, हा माझा." परत आल्यावर कितीतरी दिवस ते मलाही गच्चीत अंधारात बसवून परीक्षा घ्यायचे. ही स्कूटर कोणाची? ही खोकली कोण? मी एकदा समोरच्या वकिलांच्या खोकल्याला त्यांचं कुलूप समजलो. माझ्या नावाने उणे शंभर मांडून ठेवले आहेत, ते अजून फिटलेले नाहीत.

जाण्याआधी त्या म्हाताऱ्याने काकांना दीड-दोन तासांच्या वाटेवर, टस्कम्बियाच्या बाजूला, एका दफनभूमीत नेलं. तिथे फक्त रॅकूनचे कुत्रे पुरतात. १९३७ मध्ये की अंडरवुड नावाच्या माणसाने आपला ट्रूप नावाचा कुत्रा तिथल्या रानातल्या तळाजवळ पुरला, मग दुसऱ्याने आपला आणला, आणि आता तीनशेहून अधिक झाले. कोणाच्याही लाडक्या कुत्र्याला जागा मिळत नाही. मालकाने सांगावं लागतं की हा अस्सल होता, एका साक्षीदाराने दुजोरा द्यावा लागतो आणि तिथल्या शिकारी मंडळाच्या माणसाने पाहून मान्य करावं लागतं. काका टोपी काढून उभे राहिले. त्यांना संगम माहुली आठवली, शाहू महाराजांच्या खंड्याची समाधी. महाराजांना त्याने वाघापासून वाचवलं, त्याला पालखीचा मान होता, असं सांगतात. "पण खंड्याला छत्रपतींचा वशिला होता," काका म्हणतात. "इथे तीन सह्या लागतात. आमच्या सरणालासुद्धा एवढी चौकशी होत नाही."

परत आल्यावर त्यांचं जग बदललं. जगात माणसं दोन प्रकारची, झाड धरणारी आणि न धरणारी. खात्यातले एक साहेब जन्मभर रिकाम्या झाडाखाली ओरडत निवृत्त झाले. अमका कवी माग उत्तम काढतो, पण झाड आलं की दुसऱ्या झाडाकडे पळतो. निवडणुकीच्या काळात तर ते वहीला हातच लावत नसत, म्हणत, "एवढी पानं नाहीत." मला एकदा लेख लिहिताना पाहिलं आणि विचारलं, "वर काही आहे, की आवाज चांगला आहे म्हणून ओरडतोयस?" तो लेख मी फाडला. त्यांना सांगितलं नाही.

प्रश्न एकच राहिला. कुत्रा नव्हता.

फ्रीगंजमधले त्यांचे एक जुने दोस्त लातूरकडून कारवानी कुत्रा घेऊन आले. उंच, उपाशी राजपुत्रासारखा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. दोस्त भरभरून सांगत होते. याच जातीला मुधोळ म्हणतात, मुधोळच्या घोरपडे राजांनी ती जोपासली, २००५ मध्ये पोस्टाने तिकीट काढलं, सैन्याने तिचे कुत्रे प्रशिक्षणाला घेतले. काकांनी कुत्र्याच्या भोवती एक प्रदक्षिणा घातली, त्याचं नाक चिमटीत धरलं आणि सोडलं. "डोळ्याचा कुत्रा आहे," ते म्हणाले. "ससा दिसला की गोळी. पण ससा दिसेनासा झाला की याचा ससा संपला. रात्रीचं, न दिसणाऱ्याचं काम याचं नाही." दोस्त दुखावले. एवढा सुंदर कुत्रा न दिसणाऱ्यासाठी घ्यायचाच कशाला, हा त्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटला होता, पण मी भाडेकरू आहे.

काकांना हवं होतं थंड नाक. हा शब्द ते डॉक्टरसारखा वापरतात, पण त्याचा तापाशी संबंध नाही. गरम नाकाच्या कुत्र्याला आत्ता गेलेल्या जनावराचा वास येतो. थंड नाकाचा कुत्रा चार-पाच तासांपूर्वी गेलेलं उचलतो. माणसाच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. हा हिशेब काकू फोडणी देत असताना त्यांनी इतक्यांदा सांगितला की एके दिवशी काकू म्हणाल्या, "मग त्यालाच विचारा मीठ पडलंय का."

तो सापडला बसस्टँडवर, इंदूरच्या बसेस लागतात तिथे पोहेवाल्याच्या गाडीखाली. तांबूस, एक कान उभा, एक पडलेला, वय कळू न देणारा. काकांनी मुद्दाम परीक्षा घेतली नाही. ती आपोआप झाली. त्यांच्या पिशवीत तळाशी, दोन कापडांच्या आत, आदल्या दिवशीच्या साबुदाण्याच्या वड्याचा एक तुकडा विसरून राहिला होता. कुत्रा गाडीखालून निघाला आणि पन्नासेक प्रवाशांच्या पिशव्या ओलांडत याच पिशवीपाशी येऊन बसला. ओरडला नाही, ओढली नाही. बसला. "कालचा वडा," काका त्या संध्याकाळी मला म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज कापरा होता. "चोवीस तास जुना माग."

त्याचं नाव ठेवलं ट्रूप. त्या अलाबामाच्या पहिल्या कुत्र्यावरून. गल्लीतल्या पोरांनी तिसऱ्या दिवशी त्याचं तूप केलं, आणि काकूंना, ज्यांनी त्याला मागच्या अंगणाची हद्द आखून दिली होती, हे नाव एकदम पसंत पडलं. "अहो, तुमचं तूप गटारात तोंड घालतंय" हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

आता रॅकून कुठून आणायचा? पण माळव्यात त्याच्या तोडीचं जनावर आहे: उदमांजर. इथले लोक त्याला बिज्जू, कबरबिज्जू म्हणतात आणि ते मढी उकरतं, लहान मुलं पळवतं असं काहीबाही बोलतात. वर्तमानपत्रंही रात्री अमक्या कॉलनीत बिज्जू शिरल्याची बातमी बिबट्याच्या थाटात छापतात. प्रत्यक्षात ते चिकू, पेरू, जांभळं खातं, उंदीर मारतं आणि दिवसा कोणाच्या तरी माळ्यावर झोपतं. ते कायद्याने संरक्षित आहे, त्याला मारणं गुन्हा. काकांना मारायचं नव्हतंच. त्यांना कुत्र्याने एक झाड धरायला हवं होतं, खरं झाड, आणि वर दोन चमकणारे डोळे.

उदमांजराच्या अंगाला सुवासिक तांदळासारखा वास येतो. बंगालीत त्याला नावच गंधगोकुळ. पुलाव शिजत नसताना पुलावाचा वास आला की हा प्राणी जवळपास आहे असं तिकडचे लोक ओळखतात. काकांनी हे कुठेतरी वाचलं आणि मला हाका मारत जिना चढून वर आले. अमेरिकेत पिल्लांना शिकवायला रॅकूनचं कातडं दोरीला बांधून ओढत नेतात आणि शेवटी झाडाला टांगतात. काकांनी आपला एक जुना पायमोजा बासमतीच्या पेजेत रात्रभर भिजवला, सुतळीला बांधला आणि मला म्हणाले, "तू पळ."

मी पळालो. बेचाळीसाव्या वर्षी, प्रतिष्ठित वस्तीत, रात्री साडेनऊला, मागे ओला मोजा ओढत. चौकीदाराने विचारलं तेव्हा "काही नाही, फिरतोय" एवढंच म्हणता आलं. स्टेडियमच्या बाजूच्या कडुनिंबाला मोजा टांगून मी घाम पुसत उभा राहिलो. लांबून काकांचा टॉर्च आला. त्याच्या पुढे तूप, नाक जमिनीला, अगदी पुस्तकात असावा तसा. कडुनिंबापाशी आला. मोज्याकडे त्याने एकदा पाहिलं, मला वाटतं कीवच केली, मग नाक वर करून वारा घेतला आणि सरळ निघाला. आम्ही मागे. रस्ता ओलांडला, नाला ओलांडला, एका मॅरिज गार्डनच्या मागच्या कनातीखालून तो आत गेला. काका पालथे पडून कनातीखालून गेले. मी निमंत्रितांच्या दारातून गेलो. गुलाबपाणी शिंपडलं, ते घेतलं.

मागच्या बाजूला भट्टीवरून नुकताच उतरवलेला पुलावाचा देगचा होता, पुरुषभर घेराचा. त्याच्या कडेला दोन विटांवर पुढचे पाय टेकून, मान वर करून, तूप उभा होता. आचारी झारा उगारून थांबलेला, कारण कुत्रा भाताला तोंड लावत नव्हता. नुसता उभा होता. झाड धरून.

"बाबूजी, ये आपका है?" आचाऱ्याने विचारलं.

काकांच्या गुडघ्यांना माती लागलेली, चष्म्यावर भुसा. त्यांनी ज्या आवाजात "हाँ" म्हटलं, त्या आवाजात मुलाच्या पहिल्या नंबराची बातमीही त्यांनी सांगितली नव्हती. आम्हाला तिघांना पत्रावळीवर वाढलं. तिसरी पत्रावळ खाली ठेवली. घरी येऊन वही निघाली. मी म्हटलं, हे उणे, झाड चुकलं. काका विचारात पडले. "माग बासमतीचा दिला होता," ते म्हणाले. "अन् वर बासमती होता. उणे कसे देऊ?"

तरी एक काळजी त्यांना खात होती. तूप ओरडत नसे. विलंबित नाही, द्रुत नाही, गल्लीतून रात्री वराती जायच्या तेव्हा इतर कुत्री आकाश डोक्यावर घ्यायची, हा पडलेला कान उभ्या कानाकडे झुकवून पडून राहायचा. काकांनी त्याला त्या म्हाताऱ्याकडून रेकॉर्ड करून आणलेले आवाज ऐकवले. फोन त्याच्या कानाला लावून बसायचे, जसा गुरू शिष्यापुढे तंबोरा धरतो. तूप जांभई द्यायचा. सरतेशेवटी काकांनी त्यातूनही अर्थ काढला. सगळ्यात वाईट कुत्रा तो, जो रिकाम्या झाडाखाली ओरडतो. मालक काटे तुडवत येतो, वर बघतो, काही नाही. दोनदा असं झालं की तो कुत्रा गेला, त्याच्या आवाजावर परत कोणी विश्वास ठेवत नाही. "आपला तूप एकदाही खोटं बोललेला नाही," काका म्हणाले.

"तो बोललेलाच नाही," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय."

रॅकून लबाड असतो. झाडावर चार हात चढतो, कुत्र्यासाठी वास ठेवतो आणि पलीकडून उडी मारून पसार होतो. म्हणून जाणता कुत्रा झाड लागल्याबरोबर तोंड उघडत नाही. आधी खोडाभोवती फेरा घालतो, लहान, मग मोठा. माग पलीकडून निघून गेलेला नाही याची खात्री झाली तरच ओरडतो. हे मला काकांनी इतक्यांदा सांगितलंय की भाजी घेताना मी गाडीभोवती फेरा घालतो. हा नियम ध्यानात ठेवावा, कारण त्या रात्री तो आमच्यापैकी एकालाच आठवला.

जानेवारी. दिवसभर मावठा पडून गेलेला, काळी माती ओली, हवा गार आणि पडलेली. काका संध्याकाळपासून गच्चीच्या कठड्याशी हात चोळत होते, कारण अशा हवेत वास जमिनीला धरून राहतो. उन्हाळ्यात तापलेल्या मातीवर तो टिकत नाही. कठड्यावर काकूंची नेहमीची ताटली होती, पिकून मऊ झालेले चिकू, पाखरांसाठी. अकराच्या सुमाराला वकिलांच्या घरातून किंकाळी आली. स्वयंपाकघराच्या झरोक्यातून काहीतरी काळं, लांब शेपटीचं बाहेर पडून कोपऱ्यावरच्या कडुनिंबावर गेलं होतं.

दहा मिनिटांत गल्ली जमली. स्वेटर, मफलर, काठ्या, एक क्रिकेटची बॅट. कोणी वनखात्याला फोन लावत होतं, कोणी चित्रफीत काढत होतं. गल्लीतली चार कुत्री कडुनिंबाखाली पुढचे पाय टेकून उभी आणि असा गदारोळ की विचारू नका. काका तुपाला घेऊन पोचले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर खरं झाड, खरी रात्र, ओली जमीन. तूप खोडापाशी गेला. लहान फेरा घातला. मग मोठा. दुसऱ्या फेऱ्यात नालीपाशी थांबून त्याने नाक वर केलं, चार ओरडणाऱ्या कुत्र्यांकडे एक नजर टाकली आणि आला तसा आमच्या घराच्या दिशेने निघून गेला.

काकांचा चेहरा मला टॉर्चच्या उजेडात दिसला. दफनभूमीची जागा हातची गेल्यासारखा.

"थंडी वाजली असेल," मी म्हटलं.

ते ऐकत नव्हते. चार कुत्री द्रुत लयीत होती, गल्ली वर बघत होती, वकील "वो रहा, वो रहा" म्हणत एका फांदीकडे बोट दाखवत होते. कालव्याचं पाणी चौतीस वर्षं मोजलेल्या, कधी कुठल्या घोषणेत तोंड न उघडलेल्या बापूकाकांनी दोन्ही हात खोडावर टेकले, मान वर केली आणि सगळ्या नानाखेड्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "झाड धरलंय!"

वनखात्याची माणसं आली तेव्हा साडेबारा झाले होते. त्यांनी मोठा टॉर्च फांदीफांदीवर फिरवला. कडुनिंब विरळ झालेला, एकेक डहाळी मोजता यावी असा. वर एक पतंग अडकलेला होता आणि एक प्लास्टिकची पिशवी. बाकी काही नाही. त्यांच्यातला एक पोरगा म्हणाला, केबलच्या वायरीवरून ही जनावरं सर्कससारखी जातात, कधीचं निघून गेलं असेल. माणसं हळूहळू घरी गेली. काकांनी हात खोडावरून काढले तेव्हा तळव्यांवर साल उमटली होती.

आणि तेवढ्यात आमच्या घराच्या बाजूने आवाज आला. एक. लांब, खोल, कुठल्याच कुत्र्याचा नसावा असा, स्टेडियमच्या भिंतीवर जाऊन परत आलेला.

काकांचं बोट आपोआप वर झालं.

आम्ही पोचलो. तूप मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीच्या खांबाला पाय टेकून उभा होता. कडुनिंबाची केबल आमच्याच टाकीवरून पुढे जाते. काकांनी टॉर्च वर केला. टाकी, नळ, कठडा, रिकामी ताटली. डोळे कुठेच नाहीत. वर गच्चीच्या दारात शाल पांघरून काकू उभ्या होत्या.

"आत्ता गेला," त्या म्हणाल्या. "चिकू खाऊन. तुम्ही तिकडे ओरडत होतात तेव्हा इथे बसून ऐकत होता."

"तू पाहिलास?"

"रोज पाहते. दोन महिने झाले. गरीब आहे बिचारा."

काका बराच वेळ खालीच उभे होते. मग घरात येऊन त्यांनी वही उघडली. मी चहा टाकला, म्हणजे काकूंनी टाकला, मी कप मांडले. नियमाप्रमाणे जनावर पंचांनी पाहायला हवं, आणि पंचांनी पाहिलं नव्हतं. तुपाच्या रकान्यात त्यांनी १२५ लिहिले आणि त्याभोवती गोल काढला. लेखणी गोलावर जरा जास्त वेळ फिरली. मग पट्टी घेऊन शेजारी एक नवा रकाना आखला, वर 'मालक' लिहिलं आणि खाली स्वच्छ अक्षरात उणे १२५.

"त्या दफनभूमीत साक्षीदार लागतो म्हणालात ना," काकू आतून म्हणाल्या. "सही माझी घ्या. पण सकाळी. आत्ता हात साखरेचे आहेत."

तूप उंबऱ्याच्या आत झोपला होता. काकूंनी त्याला ओलांडून कप आणला.